मोठ्या वैद्यकीय शब्दांवर जीभ अडखळते? शब्द शेवटाकडून वाचायला घ्या

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच रूपात येते. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञांचा डीएमएलटी किंवा औषधनिर्माणाचा डी. फार्म. विषय समजतो, लेखी पेपर बरा जातो. पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांसमोर किंवा वॉर्डात राउंड चालू असताना एखादा लांबलचक शब्द समोर आला की पहिले दोन तुकडे धडाक्यात निघतात, तिसऱ्यावर जीभ वळत नाही आणि मग परत पहिल्यापासून सुरुवात. कोणीतरी तो शब्द नीट म्हणून दाखवतं, तो पाठ होतो आणि पुढच्या युनिटमध्ये नवा शब्द आला की पुन्हा तेच.

सुटे शब्द पाठ करून हा त्रास जात नाही, कारण दोष त्या त्या शब्दात नसतोच. आपण शब्द चुकीच्या टोकाकडून वाचतो. इंग्रजी वैद्यकीय शब्दाचा उच्चार कसा होणार, हे बहुतेक वेळा त्याचा शेवट ठरवतो. शेवट आधी पाहिला, की जोर कुठे द्यायचा ते कळतं आणि जोर कळला की बाकीचे सिलॅबल, म्हणजे शब्दाचे एकेका स्वराभोवतीचे तुकडे, आपोआप आपापल्या जागी बसतात.

बिघाड कुठे होतो

पहिल्याच प्रकरणात शब्द फोडायला शिकवतात. गॅस्ट्रो म्हणजे जठर, एन्टेरो म्हणजे आतडं, लॉजी म्हणजे शास्त्र. अर्थ कळण्यासाठी ही फोड उत्तम आहे, ती सोडू नका. पण विद्यार्थी तोंडानेही तसंच म्हणतात: गॅस्ट्रो, एन्टेरो, लॉजी. बोलताना हा शब्द त्या ठिकाणी तुटतच नाही. तो असा तुटतो: गॅस-ट्रो-एन-ट-रॉ-ल-जी. एन्टेरोचा शेवटचा तुकडा रॉ होऊन सगळा जोर घेतो, आणि लॉजीमधला लॉ बारीक होऊन नुसता ल उरतो. अर्थाचा सांधा एका जागी आणि उच्चाराचा सांधा दुसऱ्या जागी, असं या शब्दांचं कायम असतं. नेफ्रो अधिक लॉजी असं लिहा, पण म्हणा नि-फ्रॉ-ल-जी. कार्डिओ अधिक लॉजी असं समजून घ्या, पण म्हणा कार-डि-ऑ-ल-जी.

दुसरा बिघाड समान वजनाचा. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला म्हणून शब्द ओळखू येत नाही असं होत नाही, त्यामुळे आपण प्रत्येक सिलॅबलला सारखा मान देतो. इंग्रजीत एक सिलॅबल वर येतो आणि शेजारचे दबतात. दबले की त्यांचा स्वर कुठलाही असो, तो बहुधा आपल्या साध्या अ सारखा होतो. हा आवाज इंग्रजी शिकणाऱ्या कितीतरी लोकांना मुद्दाम शिकावा लागतो. आपल्याकडे तो बाराखडीच्या पहिल्या घरातच आहे. स्पेलिंगमध्ये ओ दिसला म्हणून ऑ किंवा ओ म्हणण्याची सवय तेवढी सोडायची.

लघु-गुरू आठवा

शाळेत अक्षरगणवृत्तं शिकताना लघु-गुरू पाडले होते ते आता कामाला येतात. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, दीर्घ स्वराचं गुरू आणि पुढे जोडाक्षर आलं तर आधीचं अक्षरही गुरू. लॅटिनमध्ये जोराचा नियम जवळजवळ याच वजनावर चालतो आणि इंग्रजीने ग्रीक-लॅटिन वैद्यकीय शब्द घेताना बऱ्याच अंशी तो नियमही घेतला. नियम एका वाक्याचा आहे: शेवटून दुसरा सिलॅबल गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर एक घर मागे, शेवटून तिसऱ्यावर.

गुडघ्याची वाटी म्हणजे पटेला. स्पेलिंगमध्ये एल दोनदा आहे, म्हणून मधला सिलॅबल गुरू. जोर टे वर. लहान मेंदू, सेरेबेलम: इथेही एल दोनदा, जोर बे वर. अपेंडिक्समध्ये पेन नंतर डि आला, म्हणून पेन गुरू आणि जोर तिथेच. आता खांद्याचं पातं, स्कॅप्युला. शेवटून दुसरा सिलॅबल लघु आहे, म्हणून जोर मागे सरकून स्कॅ वर जातो. अन्ननलिका, इ-सॉ-फ-गस: फ लघु, जोर सॉ वर. हाय-पो-थॅ-ल-मस: ल लघु, जोर थॅ वर. पुस्तकातली शरीररचनेची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक शब्दाखाली शेवटचे तीन लघु-गुरू मांडून पाहा. यादी संपेपर्यंत कान तयार होऊ लागतो.

एक अडचण खरी आहे. दोन व्यंजनं स्पेलिंगमध्ये दिसतात, पण मूळ ग्रीक-लॅटिन स्वर दीर्घ होता की ऱ्हस्व हे इंग्रजी स्पेलिंग सांगत नाही. म्हणून काही प्रत्यय पाठच करावे लागतात. ते थोडेच आहेत आणि त्यावर शेकडो शब्द चालतात.

आयटिस, ओसिस आणि ओमा यांच्यातला पहिला स्वर मुळात दीर्घ, म्हणजे गुरू. जोर प्रत्ययावरच पडतो. आर्थ्रायटिस, ब्राँकायटिस, हिपॅटायटिस हे शब्द आपल्याकडे रोज बरोबर म्हटले जातात. त्याच चालीवर पॅन्क्रिआटायटिस म्हणा, टाय वर जोर. ट्युबरक्युलोसिसमध्ये लो, सिरोसिसमध्ये रो, कार्सिनोमामध्ये नो, ग्लॉकोमामध्ये को.

लॉजी, ग्राफी, स्कोपी, टोमी, एक्टोमी, पॅथी, मेट्री हे दुसऱ्या गटातले. यांचा शेवटून दुसरा सिलॅबल लघु, म्हणून जोर नेहमी शेवटून तिसऱ्यावर. न्यू-रॉ-प-थी. लॅ-प-रॉ-स्क-पी. हिस-ट-रेक-ट-मी. ईमियाचंही तसंच: अ-नी-मि-अ, ल्यु-की-मि-अ.

ओसिससारखे दिसणारे काही शब्द विद्यार्थ्यांना फार फसवतात, त्यांच्यापाशी थोडं थांबा. डायलिसिस, पॅरालिसिस, मेटास्टॅसिस यांचाही शेवट सिस आहे. पण लिसिसमधला लि लघु आणि स्टॅसिसमधला मूळ स्वरही ऱ्हस्व. म्हणून जोर मागे जातो: डाय-ॲ-लि-सिस मध्ये ॲ वर, प-रॅ-लि-सिस मध्ये रॅ वर, म-टॅस-ट-सिस मध्ये टॅस वर. सोरायसिस आणि फायलेरियासिस यांचा शेवट आय-अ-सिस, तिथेही जोर शेवटून तिसऱ्यावर, म्हणजे राय वर: स-राय-अ-सिस, फि-ल-राय-अ-सिस. पहिल्या शब्दातला पी लिहायचा, म्हणायचा नाही.

शेवटच उच्चार ठरवतो याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा ईसीजीच्या घराण्यात मिळतो. इ-लेक-ट्रो-कार-डि-ओ-ग्रॅम, जोर कार वर. इ-लेक-ट्रो-कार-डि-ऑ-ग्र-फी, जोर ऑ वर. इ-लेक-ट्रो-कार-डि-ओ-ग्रॅ-फिक, जोर ग्रॅ वर. सुरुवात तिन्हींची तीच, शेवट बदलला तसा जोर सरकला आणि त्याबरोबर स्वरही बदलले. जो पहिल्या अक्षरापासून वाचत येतो त्याला कार पाशी पोचेपर्यंत कळतच नाही की आपण कुठल्या शब्दात आहोत.

या तिघांत नियमाबाहेरच्यांची ओळखही होते. ग्रॅम, स्कोप आणि प्लास्टी हे प्रत्यय जोर आपल्याजवळ ओढत नाहीत: लॅपरोस्कोपमध्ये जोर लॅ वर, अँजिओप्लास्टीमध्ये ॲन वर. इक आला की जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी: लॅ-प-र-स्कॉ-पिक. मीटर हा शब्द मापनाचं एकक असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, जसं सेंटिमीटर. उपकरण असेल तर मीटरच्या आधीच्या तुकड्यावर, जसं थर-मॉ-मि-टर. म्हणून रक्तदाब मोजायचं यंत्र स्फिग-मो-म-नॉ-मि-टर, जोर नॉ वर. सुरुवातीचा स्फ आपल्याला जड नाही. स्फोट, स्फटिक, स्फूर्ती म्हणणाऱ्याने तिथे अजिबात बिचकू नये.

बसवायचं कसं

जोर सापडला तरी जिभेला सवय हवी. ती शेवटाकडून लावा. अन्ननलिका, जठर आणि आतड्याचा पहिला भाग दुर्बिणीने तपासतात त्या तपासणीचं पूर्ण नाव बारा सिलॅबलचं आहे: इ-सॉ-फ-गो-गॅस-ट्रो-ड्यू-ओ-डि-नॉ-स्क-पी. आधी फक्त नॉ-स्क-पी म्हणा, तीन-चार वेळा, नॉ वर ठळक जोर देऊन. मग डि-नॉ-स्क-पी. मग ड्यू-ओ-डि-नॉ-स्क-पी. मग गॅस-ट्रो जोडा, आणि सगळ्यात शेवटी इ-सॉ-फ-गो. असं केलं की प्रत्येक वेळी तुम्ही अनोळखी तुकड्याकडून ओळखीच्या तुकड्याकडे जाता. पहिल्यापासून पाठ करणाऱ्याचं उलट होतं: तो ओळखीच्या भागातून निघतो आणि जसजसा पुढे जातो तसतसा अंधारात शिरतो, म्हणून धाप लागते.

इतक्या लांब शब्दात एका मुख्य जोराने भागत नाही. प्रत्येक मूळ शब्दाला एक हलका ठेका मिळतो: सॉ, गॅस, ड्यू आणि मग मुख्य नॉ. टेबलावर बोटाने ठेका धरून म्हणा. श्वास घ्यावासा वाटला तर ठेक्याच्या आधी घ्या, शब्दाच्या मधोमध कुठेही नको.

वहीत उच्चार देवनागरीतच लिहा. त्यात कमीपणा काही नाही. ॲ आणि ऑ ही दोन चिन्हं आपल्या लिपीत आहेत, दबलेल्या स्वरासाठी अ आहे. इंग्रजी स्पेलिंगपेक्षा आपली लिपी उच्चाराशी कितीतरी प्रामाणिक राहते. फक्त जोर ती दाखवत नाही, म्हणून जोराच्या सिलॅबलखाली रेघ ओढा. जोडाक्षरात तुकडे दडू देऊ नका: गॅस्ट्रो असं एकत्र न लिहिता गॅस-ट्रो असं सोडवून लिहा.

सराव पुरेसा झाला असं वाटलं की स्वतःची परीक्षा घ्यायला 45 अक्षरांचा तो प्रसिद्ध शब्द घ्या, जो 1935 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांबच लांब रचला: न्यू-मो-नो-अल-ट्र-माय-क्रो-स्कॉ-पिक-सि-लि-को-व्हॉल-के-नो-को-नि-ओ-सिस. एकोणीस सिलॅबल. शेवट ओसिस, म्हणजे मुख्य जोर ओ वर, हे तुम्हाला आता न सांगता कळेल. दगडखाणीत धूळ फुफ्फुसात गेलेल्या कामगाराच्या कागदावर मात्र सिलिकोसिस एवढंच लिहितात.

मुकी अक्षरं मुकी का होतात

पी, जी, एम कुठे म्हणायचे आणि कुठे नाही याची यादी पाठ करण्याची गरज नाही. सिलॅबलची सीमा पाहा. न्यूमोनियाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला पी आहे, पण इंग्रजी शब्द प्न ने सुरू होऊ शकत नाही, म्हणून तो पी गप्प बसतो. तोच मूळ शब्द ॲपनियात मधे येतो, तिथे पी ला मागच्या सिलॅबलमध्ये जागा मिळते आणि तो स्पष्ट ऐकू येतो: ॲप-नि-अ. थुंकीतून रक्त पडण्याचा शब्दही तसाच, हि-मॉप-टि-सिस. मात्र पापणी खाली येते तो टोसिस, पी शिवाय. डायफ्रॅमच्या स्पेलिंगमध्ये जी आहे तो शेवटी म्हणता येत नाही, पण विशेषण झालं की त्याला घर मिळतं: डाय-अ-फ्रॅग-मॅ-टिक. ब्राँकोन्यूमोनियासारखे काही शब्द याला अपवाद आहेत, कारण तिथे न्यूमोनिया हा पूर्ण शब्द कानाला वेगळा जाणवतो.

सी आणि जी यांचं पुढच्या स्वरावर ठरतं. ई, आय, वाय पुढे असेल तर सी चा स आणि जी चा ज. एरवी क आणि ग. म्हणून घशाच्या एकाच मुळातून लॅ-रिन-जाय-टिस निघतो आणि लॅ-रिन-गॉ-स्क-पी पण. माकडहाडाच्या शब्दात दोन सी शेजारी आहेत: पहिला क, दुसरा स, कॉक-सिक्स. सी-एच ग्रीक शब्दांत क असतो, कोलेस्टेरॉल, ब्राँकायटिस. आपल्याकडच्या पुस्तकांत ब्रिटिश स्पेलिंग असतं तिथे ओ-ई किंवा ए-ई अशी जोडी दिसते. ती एकच ई समजा. ओएसोफॅगस असं कोणी म्हणत नाही.

दोन उच्चार ऐकू आले तर

बऱ्याचदा विद्यार्थी गोंधळतात ते दोन्ही उच्चार बरोबर असल्यामुळे. श्वासनलिका ब्रिटनमध्ये बहुतेक ट्र-की-अ, अमेरिकेत ट्रे-कि-अ. आतड्याचा पहिला भाग ड्यू-ओ-डी-नम आणि अमेरिकेत डु-ऑ-ड-नम सुद्धा. मधुमेहाच्या पूर्ण नावातला दुसरा शब्द मे-लाय-टस आणि मे-लि-टस, दोन्ही शब्दकोशांत आहेत. मेंदूच्या सुजेला ब्रिटिश डॉक्टर क ने एनकेफलायटिस म्हणतात, बाकी बरेच जण स ने. तुमचे शिक्षक, तुमची परीक्षा, तुम्हाला जिथे नोकरी करायची आहे तो देश, यावरून एक बाजू निवडा आणि शब्दकोशातला आवाज त्याच बाजूचा ऐका. एका वाक्यात दोन देश आणले की ऐकणारा थबकतो.

जिथे उच्चारावर रुग्णाचं भलंबुरं अवलंबून असतं

इथे मला कळकळीने सांगायचं आहे. क-लेक-ट-मी म्हणजे मोठ्या आतड्याचा भाग किंवा सगळं आतडं काढणं. क-लॉस-ट-मी म्हणजे आतड्याला पोटावर तोंड काढून देणं. क-लॉ-ट-मी म्हणजे आतड्याला छेद घेणं. तिन्ही शब्दांतला फरक फक्त जोराच्या सिलॅबलमध्ये आहे. सगळे सिलॅबल सारखे म्हटले आणि मधला गिळला, तर ऐकणाऱ्याला तीन शस्त्रक्रियांपैकी कोणती हे कळायला मार्ग उरत नाही.

हायपो आणि हायपरचा प्रश्न आणखी कठीण. हाय-पो-ग्लाय-सी-मि-अ आणि हाय-पर-ग्लाय-सी-मि-अ, दोन्हींत जोर सी वर, आणि अर्थ ठरवणारे पो-पर मात्र दबलेले. इंग्लंडमध्ये शिकलेले लोक असा र म्हणतही नाहीत. आपला र स्पष्ट असतो, तो इथे मुळीच सोडू नका, आणि त्याबरोबर साखर कमी की जास्त हे साध्या शब्दांत नक्की सांगा.

गिळायला त्रास म्हणजे डिस-फे-जि-अ, बोलायला त्रास म्हणजे डिस-फे-झि-अ. पक्षाघाताच्या रुग्णाला दोन्ही असू शकतात, म्हणून गफलत सहज होते. मराठी माणसाकडे ज चे दोन उच्चार जन्मजात आहेत: पहिल्या शब्दात जीवनातला ज, दुसऱ्यात बाजारातल्या ज च्या जवळचा. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड, दोघांचाही उच्चार इ-लि-अम. इथे कितीही सुंदर उच्चार करून उपयोग नाही. स्पेलिंगमधला ई की आय ते सांगावंच लागतं. अवयव शरीरापासून दूर नेणं आणि जवळ आणणं या दोन हालचालींसाठी शिक्षक ए-बी-डक्शन आणि ए-डी-डक्शन असं सुटं म्हणतात, ते याच कारणासाठी.

औषधांची जेनेरिक नावं त्या मानाने सोपी, आणि त्यामागे मुद्दाम केलेला विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय नावांची पद्धत 1950 मध्ये ठरवली आणि पहिली यादी 1953 मध्ये काढली. सगळ्या भाषांत वाचायला सोपं जावं म्हणून या नावांत शक्यतो पी-एच ऐवजी एफ, टी-एच ऐवजी टी आणि वाय ऐवजी आय वापरतात. शेवटावरून औषधाचा गट कळतो आणि बहुतेक वेळा जोरही: ओमेप्राझोल, पँटोप्राझोलमध्ये प्राझोलच्या लगेच आधी, मे आणि टो वर, लोसार्टन, टेल्मिसार्टनमध्ये सार वर, अ-मॉक-सि-सि-लिन मध्ये दुसऱ्या सि वर. ब्रँडची नावं कंपन्या आपापल्या सोयीने ठेवतात, त्यांना हे नियम लागू पडत नाहीत.

म्हणून फोनवर औषधाची किंवा शस्त्रक्रियेची सूचना घेताना उच्चार कितीही पक्का असला तरी तीन गोष्टी करा. शब्द म्हणा, त्याचं स्पेलिंग अक्षर-अक्षर सांगा, आणि ते कशासाठी आहे ते विचारा. मग लिहिलेलं सगळं समोरच्याला परत वाचून दाखवा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पुढचं काम सुरू करा.